आजीची चूक

हिंजवडीच्या कंपनीने मुलाला अमेरिकेला धाडलं, तेव्हापासून नातू फोनवर "हाय आजी, बाय आजी" एवढ्यावरच सटकायचा. आज प्रेमलाबाई त्याला म्हणाल्या, "युवर आजोबा गो टू मार्केट एव्हरी डे."

"आजी, गो नाही! गोज!" नातू उसळला आणि मग तासभर आजीला शिकवत बसला.

फोन ठेवल्यावर आजोबा, सर्जेराव, वैतागले. "अगं, उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात घातलास आणि एवढी साधी चूक?"

"वर्ग जांभया द्यायला लागला, की फळ्यावर मुद्दाम एक चूक लिहायची. शेवटच्या बाकावरचं पोरही ताडकन उठतं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "उद्या तो आपणहून फोन करणार आहे. माझा गृहपाठ तपासायला!"