सव्वादोन तास

आई गेली तेव्हा ऑरिकाने भावाला मुद्दामच कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे पाद्री बोलावून तिने आईला पुरलं, शेजाऱ्यांना उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला, आणि मगच इटलीत बोलोन्याला सॉरिनला फोन लावला. सहा वर्षं 'यंदा नाही गं जमत, ताई' म्हणणारा सॉरिन दुसऱ्या दिवशी दुपारीच गावाजवळच्या यासी शहरातल्या विमानतळावर उतरून घरी हजर झाला.

"एक फोन करायला काय झालं होतं तुला?" कोटही न काढता तो दारातूनच ओरडला. "तेराशे किलोमीटर तर अंतर! सव्वादोन तासांत पोचलो असतो. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं!"

हे त्याच्याच तोंडून ऐकायला ऑरिका थांबली होती.

"सव्वादोन तास लागतात, हे मला माहीत होतं रे," ती शांतपणे म्हणाली. "आईला नव्हतं. तू का येत नाहीस, असं ती रोज विचारायची. मी सांगायचे, विमानालासुद्धा चार दिवस लागतात. मग म्हणायची, नको बोलावूस त्याला, दमेल पोरगं."