गाण्यातले पाय

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर एका अहिराणी गाण्याचं शूटिंग होतं. वाळत घातलेल्या लाल मिरचीवर अनवाणी नाचताना हिरोइनच्या तळव्यांची आग आग झाली. मग नुसत्या पायांचे शॉट द्यायला शूटिंगवाल्यांनी तिथल्याच मजूर कमलबाईला उभं केलं. वीस वर्षं मिरची पालटून तिच्या तळव्यांना ती आग कळेनाशी झाली होती. तिच्या पायांत पैंजण घातले गेले, आणि नवरा गेल्यानंतर पंधरा वर्षांनी कमलबाई मन भरून नाचली.

गाणं खान्देशभर गाजलं. व्हिडिओतले ते पाय आपले आहेत हे भूपेशला, आपल्या मुलाला, कसं सांगावं याची ती मनातल्या मनात जुळवाजुळव करत होती, तोच गदारोळ उठला. मिरचीला पाय लावून लक्ष्मीचा अपमान केला म्हणून मोर्चा निघाला. घोषणा द्यायला सगळ्यांत पुढे भूपेशच होता.

“जिले लक्ष्मी समजस नही, तिना पायच तोडाले पाहिजेत!” जेवताना तो म्हणाला. कमलबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

आठवड्याभरात व्हिडिओ काढून टाकला गेला. भूपेश पेढे घेऊनच घरी आला. “माय, आम्ही जिकनूत! आशीर्वाद दे,” म्हणत तो ओट्यावर बसलेल्या आईच्या पाया पडायला वाकला.


कमलबाईने दोन्ही पाय चटकन लुगड्याखाली ओढून घेतले.