नेलपॉलिशची रेघ

आतून 'खट्' असा आवाज आला. तिसरा उमेदवारही नापास.

अश्विन मान खाली घालून बाहेर आला. रायपूरच्या तात्यापारा भागातल्या त्या प्रशिक्षण केंद्राच्या व्हरांड्यात आता भावना एकटीच उरली होती.

"बोर्डात भूत आहे, दीदी," तो पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

परीक्षा तशी साधी होती. बोर्डातल्या वायरला टेस्टर लावून बघायचा. वायर चालू निघाली तर बोर्डाचं मेन बंद करायचं, मगच तिला हात लावायचा. चुकलं तर झटका बसायच्या आत ब्रेकर पडे. तो 'खट्' वाजला की खेळ खलास. पास होणाऱ्याला नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात इलेक्ट्रिशियनची नोकरी होती. जागा एकच.

भावनाने साडेसातच्या बसची चौकशीही करून ठेवली होती. नवरा गेल्यापासून, चार वर्षं, ती ब्राह्मणपाऱ्यात भावाकडे होती. वहिनी वाईट नव्हती, पण वाढताना तिचा हात आखडे.

इथे पहिल्या दिवशी भावनाचं बोट स्विचपर्यंत जाईना. सगळे हसले होते. "हे काही पोळ्या लाटणं नाही, बाई," नीलकंठ सर म्हणाले होते. पण तोच स्विच त्यांनी तिच्याकडून पन्नास वेळा उघडून घेतला. तीन महिन्यांत ती न बघता जोडण्या करू लागली.

सर पूर्वी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. त्यांच्या प्रत्येक हत्याराच्या मुठीवर बायकोच्या लाल नेलपॉलिशची रेघ असे. कोणी नेलं तरी ओळखू येतं, म्हणत. वर्गात ते चार वर्षांपूर्वी त्यांच्या साइटवर झटका बसून मेलेल्या एका लाइनमनची गोष्ट सांगत. "टेस्टर लावलाच नाही त्यानं. एका मिनिटाचा आळस." भावनाने ते वाक्य तारखेसकट वहीत उतरवून घेतलं. हे काहून लिहून राहिली, असं अश्विनने विचारलं, तेव्हा परीक्षेत येईल म्हणाली.

तिचं नाव पुकारलं गेलं.

आत सरांशेजारी नव्या रायपुरातले साहेब बसले होते. कोपऱ्यात टेबलफॅन फिरत होता. बोर्डासमोर एकच टेस्टर, मुठीवर लाल रेघ. तो उचलून तिने रेघेवरून अंगठा फिरवला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

ती बोर्डाकडे गेलीच नाही. पंख्याचा प्लग होता, त्याच्या शेजारच्या सॉकेटचं बटण दाबून तिने त्यात टेस्टर घातला. पंखा फिरत होता. टेस्टरचा दिवा पेटला नाही.

सरांचं पेन थांबलं.

"हा टेस्टर मेलेला आहे, सर. दुसरा द्या."

सरांनी खण उघडला. दुसरा टेस्टर वरच ठेवलेला होता. खण पुन्हा बंद होईपर्यंत भावना त्याकडे बघत राहिली.

नवा टेस्टर सॉकेटमध्ये पेटला. बोर्डाच्या वायरवरही पेटला. तिने मेन बंद केलं, वायर पुन्हा तपासली, टेस्टरही पुन्हा सॉकेटवर तपासला, आणि मगच वायर सोडवली.

साहेब खूश झाले. सोमवारपासून या म्हणाले. बिघडलेला टेस्टर मुद्दाम ठेवला होता का, असं त्यांनी सरांना विचारलं.

"हो. टेस्टरही दगा देतो, साहेब," सर म्हणाले. "त्याचा दिवा नाही पेटला, की माणूस बिनधास्त हात घालतो. मले माहीत आहे."

साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. सरांनी प्रमाणपत्रावर सही केली, शिक्का मारला. मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"आधी टेस्टर तपासायचा, हे मी शिकवलं नव्हतं. तुले कसं सुचलं?"

भावनाने शाई वाळू दिली. प्रमाणपत्र फायलीत ठेवलं, फाईल पिशवीत. मग पिशवीच्या तळातून एक रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला जुना टेस्टर टेबलावर ठेवला. मूठ काळवंडली होती, पण लाल रेघ ओळखू येत होती.

"माझ्या नवऱ्याच्या डाव्या मुठीत सापडला," ती म्हणाली. "त्यायनं लावला होता, सर."