सिल्व्हिओचं पान

सात वाजले आणि बोर्डावरचं सिल्व्हिओचं पान हिरवं झालं.

खोकी बनवण्याच्या त्या कारखान्यात अशी आरोळी उठली की यंत्रांचा आवाज ऐकू येईना. बोर्डावर एकसष्ट नावं आणि प्रत्येक नावापुढे एक पान. ज्या दिवशी एकूण एक माणूस गाडी फाटकाबाहेर ठेवून येईल आणि दुपारी बारापर्यंत सगळी पानं हिरवी राहतील, त्या दिवशी बारालाच सुट्टी, वर शुक्रवारही मोकळा, असं कंपनीने जाहीर केलं होतं. अकरा आठवडे साठ पानं हिरवी होत होती आणि एक तपकिरीच राहत होतं. सिल्व्हिओ झानेत्ती काही आपली जुनी पिकअप सोडत नव्हता.

"न्हालं एकदाचं घोडं गंगेत!" मॅनेजर बेवन म्हणाला आणि पत्र्याखाली सॉसेजची शेगडी मांडायला लावली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

बोर्ड रेलीनच्या अखत्यारीतला. म्हाताऱ्याला आज सगळ्यांसमोर मिठी मारायची असं ठरवून ती चहाच्या खोलीत गेली. रोज पावणेसातला सिल्व्हिओ आपल्या अॅल्युमिनियमच्या लहानशा भांड्यात कॉफी उकळायचा आणि तिचा वास पार फाटकापर्यंत जायचा. ते भांडं काल त्याने धुऊन ठेवलं होतं तसंच ओट्यावर पालथं होतं. खोलीत ओल्या रेनकोटांचा वास येत होता. कोपऱ्यात कंपनीच्या बसचा ड्रायव्हर तेविता चहा पीत होता.

"तेविता, सिल्व्हिओ कुठाय?"

"मला काय विचारतेस? चढलाच नाही तो. पेट्रोल पंपावर चांगली दहा मिनिटं थांबलो मी त्याच्यासाठी. म्हटलं, गेला असेल म्हातारा नेहमीसारखा गाडी हाणत."

"गाडीने आला असता तर पान हिरवं झालं असतं का?"

तेविताने कप खाली ठेवला.

बोर्डाला माणसं कळत नव्हती. फाटकावरचा कॅमेरा गाड्यांचे नंबर वाचायचा. सातपर्यंत ज्याची गाडी आत आली नाही, त्याचं पान हिरवं. मग तो बसने येवो, सायकलने येवो, नाहीतर न येवो, कॅमेऱ्याला त्याचं काय! घरी तापाने फणफणलेल्याचंही पान हिरवं व्हायचं आणि सगळे पोट धरून हसायचे. रेलीनही हसायची.

तिने सिल्व्हिओला फोन लावला. बंद होता. ती तडक बेवनकडे गेली.

"सिल्व्हिओ आलेला नाही."

"मग घरी असेल. अशा पावसात पांघरूण घेऊन पडला असेल मस्त."

"न कळवता? एकदा तरी राहिलाय का तो असा?"

"अगं बाई, पान हिरवं आहे ना?" बेवनने आवाज खाली आणला. "बारापर्यंत कळ काढ. आता कुठे माशी शिंकायला नको."

रेलीनने त्याच्यासमोरच पोलिसांना फोन लावला. नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला, घराचा पत्ता सांगितला. पलीकडच्या माणसाने पत्ता पुन्हा विचारून घेतला.

"म्हणजे ओढ्याच्या पल्याड? फरशी पूल ओलांडून यावं लागतं त्यांना?"

"हो."

"तिथं पहाटेपासून पाणी आहे. माणसं पाठवतो."

फोन ठेवून ती बोर्डापाशी आली. काल इथेच, या बोर्डाखाली, सिल्व्हिओ तिला समजावत होता. "पोरी, पंपावरची साडेपाचची बस गाठायची म्हणजे काळोखात फरशीवर गाडी घालायची. उजाडल्यावर निघालो की कडेचा मापाचा खांब दिसतो, पाणी किती चढलंय ते कळतं. काळोखात पाणी काय अन् डांबर काय, सारखंच."

त्यावर सगळे हसले होते. रेलीननेच सुनावलं होतं, "पुरे झाले तुझे बहाणे. उद्या तुझी गाडी या फाटकात मला दिसता कामा नये."

"बरं," तो म्हणाला होता. "नाही दिसणार."

साडेदहाला फाटकापाशी हॉर्न वाजला. रेलीन पावसातच धावली. गाड्या ओढून नेणारा ट्रक उभा होता. ड्रायव्हरने काच खाली केली.

"ही तुमच्याकडची ना? काचेवर तुमच्या फाटकाचा स्टिकर आहे. ओढ्यावरच्या खालच्या पुलाच्या कठड्याला आडवी अडकली होती. पोलिस म्हणाले, रस्ता मोकळा कर. पुढे हायवेवरही पाणी आहे, तेव्हा सध्या इथेच उतरवतो."

ट्रकवर सिल्व्हिओची पिकअप होती. दारांतून गढूळ पाणी गळत होतं आणि चाकांत केळीची पानं अडकली होती.

"आत कोण होतं?" रेलीनने विचारलं.

"कुणीच नाही. ड्रायव्हरकडची काच तेवढी खाली होती." तो तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होता. "शोधताहेत खाली, काठाकाठाने."

आडकाठी वर गेली. ट्रक हळूहळू आत सरकला. कॅमेऱ्याने ट्रकचा नंबर वाचला आणि मग, मागोमाग, पिकअपचाही.

बोर्डावरचं सिल्व्हिओचं पान तपकिरी झालं आणि आत कारखान्यात एकच कल्ला झाला. पत्र्याखालून कोणीतरी सॉसेजचा चिमटा उंच धरून ओरडलं, "आला, आला! आलाच शेवटी म्हातारा गाडी घेऊन!"