एक वाव पाणी

"तो घड्याळाचा मनोरा दिसतोय ना, त्याचे वरचे चार मजले माझे," व्याही म्हणाले. बोट सुटून दहा मिनिटं झाली नव्हती आणि हे तिसरं 'माझं' होतं.

व्याही हाडाचे मिस्त्री. त्यांनी बोट दाखवलं की मुलगी लगेच फोन उचलून फोटो काढायची. वडिलांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून बंदराच्या सैरीची तीन तिकिटं तिनेच काढली होती. एका अंगाला वडील, दुसऱ्या अंगाला सासरे, अशी ती वरच्या डेकवरच्या बाकावर मधोमध बसली होती.

शहर मात्र बघण्यासारखं होतं. वडिलांनी मनातल्या मनात ते कबूल केलं. छत्तीस वर्षं त्यांनी याच पाण्यावर काढली, पण ती गाळ उपसणाऱ्या जहाजावर, मान खाली घालून. शहर कायम पाठीमागे. आज ते पहिल्यांदाच समोरून, सबंध दिसत होतं. उंच इमारती एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या, आणि हजार खिडक्यांवर एकदम ऊन चमकत होतं.

"काय बांधलंय हो तुम्ही लोकांनी!" ते मनापासून म्हणाले.

"मग? केस काय उगाच पांढरे झाले?" मिस्त्री फुलले. "आता तुमचं दाखवा काहीतरी, चिखलबुवा. छत्तीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत."

चिखलबुवा हे नाव लग्नाच्या मांडवातच पडलं होतं. मुलीचे वडील काय करतात, असं कुणीतरी विचारलं, आणि कुणीतरी सांगितलं, चिखल उपसतात. सगळे हसले होते. मुलगीही हसली होती. आत्ताही ती हसली.

म्हणूनच आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालताना त्यांनी ठरवलं होतं, मुलीला एक तरी गोष्ट बोटाने दाखवायची. हे माझं, असं म्हणून. आता ते पाण्याकडे बघत राहिले. पाणी जसं असतं तसंच होतं. गाळ काढला की वरून मिटलेलं.

"दिसण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "सगळं खाली आहे."

"म्हणजे झाकली मूठ!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात बोट मंदावली. इंजिनाची घरघर खाली आली. कर्ण्यातून बाई बोलली, मोठं जहाज आत येतंय, आपण त्याला वाट देतोय, सर्वांनी बसून राहावं. कुणीही बसून राहिलं नाही.

लाटा अडवणाऱ्या भिंतीच्या टोकामागून आधी एक इमारतच पुढे सरकल्यासारखी वाटली. मग तिला नाक फुटलं. डोंगरासारखे रचलेले लोखंडी पेटारे, कठड्याशी उभी तांदळाएवढी माणसं, पुढे ओढायला एक ठेंगणी बोट आणि मागे आवरायला दुसरी. लाल आणि हिरव्या तरंगत्या खुणांच्या मधून ते धूड पाऊल न वाजवता आत येत होतं. त्याची सावली बोटीवर पडली तशी बडबड थांबली. मिस्त्री मान मागे टाकून त्याचे मजले मोजू लागले.

"अगंबाई," मुलगी म्हणाली. "बाबा, एवढं जड! तळाला नाही टेकत?"

बाबा कठड्याशी गेले होते. जहाजाच्या नाकावर पांढऱ्या आकड्यांची पट्टी होती, ती त्यांनी वाचली. मग समोरच्या खांबावरची ओल कुठवर आहे ते बघितलं. त्यांचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप हलू लागली, हातातून दोरी सुटत असल्यासारखी. खोली मोजायच्या दोरीला एका खुणेवर चामड्याची पट्टी असायची, पुढच्या खुणेवर चिंधी. धुकं असलं की बोटांनीच मोजायचं. हे वळण सगळ्यांत वाईट. डावीकडे खडक आणि मधे गाळ.

"काय करताय?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याच्या पोटाखाली किती पाणी उरलंय ते बघतोय."

"किती?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला विचारावा तसा होता. ते वळले आणि त्यांनी दोन्ही हात आडवे लांब केले.

"एवढं. एक वाव."

"बस? एवढंच?"

"पुरतं की. फक्त ते इथून धक्क्यापर्यंत सगळीकडे एवढं पाहिजे. कुठे वीतभर कमी पडून चालत नाही."

"आणि गाळ परत भरतो?"

"दर वर्षी."

"मग?"

"मग परत काढायचा."

मिस्त्रींनी या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत नजर नेली, ओळंबा लावून भिंत पारखावी तशी. मग वर जहाजाकडे पाहिलं. ते अजून निम्मंही गेलं नव्हतं. पुन्हा हातांकडे पाहिलं. चिखलबुवा हा शब्द त्यांच्या तोंडाशी आला असला तरी बाहेर पडला नाही.

मुलीने फोन उचलला. एक पाऊल मागे गेली, मग आणखी एक. तेवढ्यात गर्दीच्या रेट्याने वडिलांचा डावा हात कोपरात दुमडला.

"बाबा, तसेच उभे राहा. दोन्ही हात फोटोत येत नाहीयेत."

त्यावर मिस्त्रीच पुढे झाले आणि कठड्याशी दाटलेल्या लोकांना दोन्ही तळव्यांनी मागे सारू लागले.

"अहो, जरा सरका तिकडे. हात पुरा लांब करू द्या त्यांना. जहाज अजून जायचंय."