भावाचा चेहरा

दारात भाऊ दिसला आणि ताईला कडाडून भूक लागली.

जेवून तासही झाला नव्हता. पोट भरलेलं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण पोटाला विचारतंय कोण! तोंडाला पाणी सुटलं आणि हात आपसूक शिलाई मशीनच्या खणाकडे गेला. खणात रिळं, बॉबिन, खडू आणि या सगळ्यामागे दडवलेला बिस्किटांचा पुडा. तिनं गुडघ्यानं खण धाडकन बंद केला आणि मान खाली घालून मशीन चालू केलं.

"बस," ती म्हणाली. "जरा काम आहे."

भाऊ बसला नाही. दुकान कसलं, एक खोलीच ती. लोकांचे कपडे उसवून सैल करायचे, लांब असतील ते आखूड करायचे, चेन बदलून द्यायची. टेबलावर कमरेत घट्ट झालेल्या पँटींचा ढीग पडला होता. भावाच्या हाताला, डायलिसिसच्या सुया टोचतात तिथे, ताजी पट्टी होती. चेहरा सुजलेला असणार. तिनं वर पाहिलंच नाही. त्याला पाणी विचारायचीही सोय नव्हती, कारण तो पाणीसुद्धा मोजून पीत होता.

ताईची किडनी भावाला जुळली होती. सगळं जुळलं, आडवं आलं ते ताईचं वजन. ते उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाई गोड बोलायच्या. उपाशी राहायचं नाही, म्हणाल्या, फक्त मनाला वळण लावायचं. खा-खा सुटली की डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा.

ताईनं ते इमानेइतबारे केलं. पाव दिसला की भावाचा चेहरा, लोणी दिसलं की भावाचा चेहरा. सुरुवातीला जमलंही. मग जमेना, तेव्हा तोच चेहरा डोळ्यांसमोर ठेवून ती खाऊ लागली. खाताना रडायची, पण खायची. मनाला वळण लागलं खरं, पण भलतंच! आता खायचं समोर नसताना नुसता भाऊ दिसला तरी जिभेवर लोणी यायचं. फोनवर त्याचं नाव आलं तरी तेच. म्हणून तिनं त्याच्या घरी जाणं सोडलं, फोन उचलणं सोडलं. हे सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

"ताई, मशीन बंद कर."

"अरे, गिऱ्हाईक यायचंय आत्ता."

"सुईत दोरा नाहीये."

तिनं पाहिलं. खरंच नव्हता. कुणाच्या तरी चांगल्या पँटला तिनं नुसती भोकं पाडली होती. तिनं पेडलवरचा पाय काढला.

"द्यायची नसेल तर नाही म्हण," भाऊ म्हणाला. "मी रागावणार नाही. शप्पथ. पण हे तोंड चुकवणं नको. परवा मी आलो तर तू मागच्या दारानं सटकलीस, मी पाहिलं. घरी ही तर म्हणतेच, ताईंचा विचार बदलला."

"तुझ्या बायकोला काय जातंय बोलायला!" ताई उसळली. "एक दिवस माझी जीभ घेऊन फिर म्हणावं!"

"मग झालंय काय?"

तिनं सांगून टाकलं. एका दमात, भिंतीकडे तोंड करून, भांडल्यासारखं. बाईंचं वळण, पाव, लोणी, सगळं.

भावाला हसू फुटलं.

"म्हणजे मी आलो की तुला..."

"हसू नकोस रे! तुला जगवायचं म्हणून धडपडतेय आणि तुझंच तोंड बघवत नाही मला. मेलं कसलं मन दिलंय! हाड म्हटलं की अंगावर येतं."

त्यानं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल ओढलं, तिच्या मागे आणलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

"आता दिसतोय का मी?"

"नाही."

"भूक?"

तिनं अंदाज घेतला. खोटं बोलायची तिला सोय नव्हती.

"आहे."

"थोडी तरी कमी?"

"गप्प बस ना जरा. तुझ्या आवाजानंही लागते."

भावाची पाठ तिच्या पाठीला टेकली, बरगड्यांच्या खाली, कमरेच्या जरा वर. ताईला राग आला. बाईंचा आला, त्या चेहऱ्याचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. भूक होती तिथेच होती. पण हात खणाकडे गेला नाही. ती तशीच बसून राहिली आणि हळूहळू मागे रेलत गेली.

"अगं, किती भार टाकतेस!" भाऊ म्हणाला.

"करून घे सवय," ताई म्हणाली. "यातलं थोडं तुझ्याच अंगात यायचंय."