तक्रारीसाठी तीन दाबा

कोणता आकडा दाबला की फोन कुठे जावा, हे ऑफिसचे मालक टेक्निशियनला सांगत होते. "घरच्यांसाठी चार, थेट माझ्या टेबलावर. तक्रारीसाठी तीन. तिथे नुसतं गाणं वाजू द्या, कंटाळून ठेवतील फोन."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर तेच गाणं पुन्हा!"

संध्याकाळी मालक घरी पोहोचले, तर बायको कुलूप लागलेल्या दारासमोर पायरीवर बसलेली. घराच्या दोन्ही किल्ल्या सकाळपासून त्यांच्याच खिशात होत्या.

"अगं, ऑफिसला फोन करायचास ना!"

"केला की. ते गाणं तोंडपाठ झालंय मला."

"पण तुला चार दाबायला सांगितलं होतं ना?"



"तक्रार होती, म्हणून तीन दाबलं."